उद्यांची भाकर

आमच्या धर्मशास्त्रांत गृहस्थाश्रमी ब्राह्मणाच्या साठवणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. ज्याचें कोठार भरलेलें तो कुसूलधान्यक, ज्याच्या घरीं रांजणभर धान्य तो कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरतें ज्याच्यापाशीं आहे तो त्र्यहैहिक, आणि उद्यांचेंही ज्यानें ठेविलें नाहीं तो अश्वस्तनिक. ह्यांत उत्तरोत्तर श्रेष्ठ, असें मनूचें मत. संस्कृतचा वर्ग घेत असतां हा शेवटला शब्द फोडून आम्ही मुलांस सांगत असूं. मुलांना शब्द समजे. परंतु ‘गुरुजी, असा मनुष्य दाखवा’ असें कोणी म्हटलें असतें तर आमची पंचाईत झाली असती, कारण पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसणारा मास्तर कांहीं अश्वस्तनिक नव्हे. पुढें तसा मनुष्य आम्हांस आमच्या मंठ्यासच, जालन्याहून जिंतुरास जाणाऱ्या रस्त्यालगत भेटला, आणि तो निघाला ख्रिस्ती.

हे गृहस्थ जन्मभर कंपाउंडरी करून आतां शेती पाहतात. गांव त्यांस डॉक्टरच म्हणतें. त्यांचे आजोबा जालन्याजवळच्या बेथेलचे. हें गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि जन्मानें ब्राह्मण. वाचकांस हें नांव ओळखीचें असलें तर तें बहुधा त्यांच्या धाकट्या भावाच्या निमित्तानें असेल. १८४३ सालीं मुंबईस नारायणरावांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्यामागें मिशनऱ्यांकडे गेलेल्या अल्पवयी श्रीपतीस कोर्टानें बापाच्या स्वाधीन केलें. त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, ह्यावर मोठें रण माजलें. त्या वेळीं ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूनें उभे राहिले. असो. थोरले बंधु पुढें जालन्यास आले, सर सालारजंगांच्या कारकीर्दींत निजाम सरकारकडून त्यांनीं जमीन मिळविली, आणि गांवकुसाबाहेर जन्मलेल्या माणसांचें एक गांव उभें केलें. बेथेल म्हणजे हिब्रू भाषेंत देवाचें घर. देवाचें झालें तरी घरच तें. नुसत्या प्रार्थनेनें त्याच्या भिंती उभ्या राहत नाहींत. देवाचा प्रसाद आणि मनुष्याची कुदळ ह्यांचें वैर आहे, असें त्या गांवच्या माणसांस कोणीं शिकविलें नसावें.

डॉक्टरांच्या घरीं ज्वारीचीं पोतीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. मग ते अश्वस्तनिक कसे? हेंच आम्हीं त्यांस एकदां विचारिलें. ते म्हणाले, ‘गुरुजी, धान्य साठवतां येतें; कृपा साठवतां येत नाहीं.’ आणि त्यांनीं आम्हांस मान्नाची गोष्ट सांगितली. मिसर देशांतून निघालेले इस्राएल लोक अरण्यांत उपाशी मरूं लागले तेव्हां रोज पहांटे आकाशांतून अन्न पडे. ज्यानें त्यानें त्या दिवसापुरतें वेंचावें, एवढीच आज्ञा होती. लोभानें दुसऱ्या दिवसासाठीं जें ठेवलें त्यांत किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशींचा अपवाद तेवढा वेगळा. कालची क्षमा, कालचा धीर, कालची शांति ही आज पुरत नाहीं, ती आज पुन्हां मागावी लागते, असा डॉक्टरांचा अर्थ. म्हणून ते पहांटे पांचास उठून फक्त त्या दिवसापुरतें मागतात. ख्रिस्ती लोकांच्या मुख्य प्रार्थनेंतही भाकरीची मागणी दिवसापुरतीच आहे. तेथील मूळ ग्रीक विशेषण इतकें विरळा आहे कीं त्याचा अर्थ ‘आजची’ कीं ‘येणाऱ्या दिवसाची’ ह्यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाहीं. शब्दांच्या मागें लागण्याची खोड असलेल्या आमच्यासारख्यास ह्यांत मोठी मौज वाटते, कारण आमच्या शब्दांतही ‘श्वः’ म्हणजे उद्यांच दडलेला आहे.

तरी दोहोंत एक मोठें अंतर आहे. मनूचा अश्वस्तनिक आपल्या निग्रहानें वर चढतो. ती त्याची मिळकत आहे. डॉक्टर आपल्या भरंवशाचें श्रेय घेत नाहींत. तोही मिळालेलाच, असें म्हणतात. आमच्याकडील वैष्णव आचार्यांत माकडाच्या व मांजरीच्या पिलाचा जो वाद झाला, त्यांतील मांजरीच्या पिलाचा पक्ष हाच.

ह्या मार्गांत एक धोका आहे, आणि तो नवऱ्यापेक्षां बायकोस अधिक कळतो. रेव्हरंड टिळकांचें उदाहरण घ्या. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले आणि १९१७ सालीं मिशनची चाकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. अशा पुरुषाची महती आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं टिळकांचा हात पैशाच्या बाबतींत किती सैल होता, आणि त्यांच्या निश्चिंतपणाचा भार कोणाच्या डोक्यावर पडे. पुरुषानें देवावर हवाला ठेवावा आणि वाण्याच्या तोंडास बायकोनें तोंड द्यावें, ही वांटणी आमच्या मनास कधीं पटली नाहीं. हिंदु घरांतही ती कांहीं कमी नाहीं.

डॉक्टरांची कसोटी निराळ्या प्रकारें लागली. २०१२ सालीं जालना जिल्ह्यास पावसानें दगा दिला, आणि २०१३ च्या उन्हाळ्यांत मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. डॉक्टरांनीं पैसा होता तोंवर टँकर आणले; मग हात टेकले. त्यांच्या बांधापलीकडच्या विहिरीला मात्र पाणी होतें. आमचे वेदान्ती अशा वेळीं ईश्वरावर येणारे वैषम्य व नैर्घृण्य हे दोन दोष पुढें मांडतात: एकास देतो म्हणून पक्षपाती, दुसऱ्याचें हिरावतो म्हणून निर्दय, आणि पूर्वकर्माकडे बोट दाखवून त्यांतून ईश्वरास सोडवितात. डॉक्टरांना ती वाट मोकळी नाहीं. म्हणून आम्हीं त्यांस स्पष्टच विचारिलें, ‘डॉक्टर, मग तुमच्या कृपेचें काय झालें?’

ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, ‘पाऊस मागितला, तो मिळाला नाहीं. पौलानेंही आपल्या देहांतला कांटा काढ म्हणून तीनदां मागितलें होतें. कांटा राहिला, कृपा मिळाली. पलीकडे पाणी कां आणि माझ्याकडे कां नाहीं, हें मला कळत नाहीं, गुरुजी, आणि कळतें असें मी म्हणणार नाहीं. झाडें तोडायच्या दिवशीं पहांटे मी दोनच गोष्टी मागितल्या. तोंडांतून शिवी निघूं नये, आणि तोडणाऱ्या गड्यांची मजुरी दिवस मावळायच्या आंत चुकती व्हावी.’

‘आणि मिळाल्या?’

‘पहिली मिळाली. दुसरीसाठीं हिनें आपणहोऊन पाटली काढून दिली.’

हें सांगतांना त्यांचा आवाज बसला होता. आंत त्यांचें कुटुंब भाकरी थापीत होतें. त्या बाई तेथूनच म्हणाल्या, ‘गुरुजींना सांगा कीं पाटली अजून सोडवून आणली नाहीं.’ त्यावर दोघेंही हंसलीं. आम्हांस मात्र लगेच हंसूं आलें नाहीं.

त्या रानांत आतां तूर आणि सोयाबीन असतें. मोसंबीचीं दहा रोपें विहिरीजवळ नवीं लावलीं आहेत; त्यांपैकीं आठ जगलीं.