पार्श्वभूमी धूसर करताना

संगमनेर हे जंगलाचे गाव नव्हे. प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे, शाहीर अनंत फंदींचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे एक बाजारपेठेचे गाव, अशीच त्याची ओळख. वन्यजीवांची छायाचित्रे काढणारी मंडळी येथून जातात, थांबत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना काजव्यांसाठी भंडारदरा गाठायचा असतो, हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी नांदूर मधमेश्वर. संगमनेर म्हणजे वाटेवरचा चहा. परदेशी राहू लागल्याला वीस वर्षे उलटून गेल्यावर मागल्या हिवाळ्यात मी महिनाभर गावी आलो आणि कॅमेरा घेऊन मुद्दाम येथेच राहिलो. त्या महिन्यात छायाचित्रांपेक्षा छायाचित्र या गोष्टीविषयीच अधिक विचार झाला. तो येथे मांडतो आहे.

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार अनोळखीपणावर जगतो. लेखक नव्या मुलखात जातो, त्याला नवल वाटते, आणि त्या नवलात तो वाचकाला वाटेकरी करून घेतो. स्वतःच्या गावी परतणाऱ्याची अडचण अशी, की नवल वाटावे इतके गाव परके नसते आणि नवल वाटू नये इतके ते आपलेही उरलेले नसते. मी गेलो तेव्हा जिल्हा अहमदनगर होता. २०२४ मध्ये तो अहिल्यानगर झाला. बोलताना कोणते नाव घ्यावे, येथपासूनच अडखळायला होते. हातात कॅमेरा असला की हे अडखळणे वाढते, कारण कॅमेरा हे मुळात पाहुण्याचे अवजार आहे. गावातला माणूस रोजच्या टिटवीसमोर थांबत नाही. जो थांबतो, तो कुठून आला हे सगळ्यांना कळते.

कॅमेऱ्याची ती लांबलचक नळी पाहून आमच्या तात्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "हे एवढं दुर्बिणीवाणी काय आणलंय?" पक्षी-प्राणी टिपायचे आहेत म्हटल्यावर ते हसले. "मग ताडोब्याला जायचं. वाघ तिकडं. इथं काय आहे?" त्याच दिवशी दिवस मावळताना मी मळ्याकडे निघालो, तर ओसरीवरून त्यांचाच आवाज आला, "अंधार पडायच्या आत ये रे. उसात वाघ आहे."

एकाच माणसाच्या तोंडी, एकाच दिवशी, दोन वाघ आले. संगमनेर, अकोले, जुन्नर या पट्ट्यात बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती चूक आहे. भाषेच्या दृष्टीने नाही. पहिला वाघ तिकीट काढून पाहायचा असतो, दुसऱ्याला टाळून जगायचे असते. पहिल्याचे छायाचित्र भिंतीवर लागते, दुसऱ्यासाठी गोठ्याला जाळी लागते. तात्यांच्या मते 'इथं काय आहे' आणि 'उसात वाघ आहे' या दोन वाक्यांत विसंगती नव्हतीच. छायाचित्राच्या लायकीचे येथे काही नाही, एवढेच त्यांना सुचवायचे होते. हा समज त्यांना कोणी दिला असेल, तर तो आम्ही कॅमेरेवाल्यांनीच दिलेला आहे.

तो कसा दिला, हे पाहण्यासारखे आहे. लांब पल्ल्याचे भिंग घ्यावे, त्याचे छिद्र पुरते उघडे ठेवावे, प्राण्याच्या डोळ्यावर नेम धरावा. मग डोळा लखलखीत येतो आणि मागचे सारे विरघळून हिरव्या-पिवळ्या धुक्यात जाते. याला 'स्वच्छ पार्श्वभूमी' म्हणतात. शब्द लक्षात घ्यावा: स्वच्छ. म्हणजे त्या धुक्यामागे जे होते ते अस्वच्छ ठरले. नांगरटीच्या वेळी गायबगळे रोटाव्हेटरच्या मागे ओळीने चालतात, कारण उलथलेल्या मातीतून किडे वर येतात. परंतु ट्रॅक्टरचे चाक चौकटीत येऊ नये म्हणून छायाचित्रकार गुडघ्यावर बसतो, कोन बदलतो, वाट पाहतो. वेडा राघू विजेच्या तारेवर बसला तर त्याचे चित्र वाया गेले. तोच बोरीच्या काट्यावर बसला तर स्पर्धेला पाठवण्याजोगे झाले. आपण मराठीच्या वर्गात 'कादंबरीची पार्श्वभूमी स्पष्ट करा' असा प्रश्न घालतो. वन्यजीव छायाचित्रणाच्या वर्गात नेमके उलटे शिकवतात: पार्श्वभूमी धूसर करा.

संगमनेरात धूसर होते ते काय? वर भंडारदऱ्याला प्रवरेवरचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या पर्जन्यछायेतल्या जमिनीला बारमाही पाणी दिले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे संगमनेरातही झाला, आणि नदीच्या दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला. ऊस हे केवळ पीक नाही. आडसाली ऊस दीड वर्ष जमिनीवर असतो. माणसाच्या डोक्यावर जातो, आत सावली धरतो, शेजारी कालव्याचे पाणी असते, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या असतात. बिबट्याला याहून अधिक काय हवे? त्याची मादी उसात पिले घालते. तोड सुरू झाली की ती पिले तोडणी कामगारांच्या कोयत्यापुढे येतात. मग वनखात्याचे लोक ती एखाद्या क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई त्यांना उचलून नेईल याची वाट पाहतात. २०२३ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांतून पाणी सुटले आणि आजवर कोरडवाहू राहिलेल्या गावांकडे ते निघाले. पाणी आले की पीक बदलते, आणि पीक बदलले की आडोसाही बदलतो.

ही पार्श्वभूमी पुसून बिबट्या दाखवता येतो. परंतु मग तो कुठल्याही जंगलातला बिबट्या होतो. येथला उरत नाही.

ज्या छायाचित्रांनी ही गोष्ट सर्वांत स्पष्ट सांगितली, ती कोणा कलावंताने काढलेली नाहीत. प्रवरेच्याच खोऱ्यात, शेजारच्या अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांच्या वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या शेतीच्या मुलखात, दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस आढळले. विष्ठेच्या तपासणीवरून पुढे असेही दिसले की बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. समोरून काही गेले की आपोआप चित्र घेणारे हे यंत्र म्हणजे एका जुन्या युक्तीची आजची आवृत्ती. १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने हिमालयाच्या पायथ्याशी वाटेवर आडवी तार बांधून वाघांकडूनच त्यांची छायाचित्रे काढवून घेतली होती. अशा कॅमेऱ्याला सौंदर्यदृष्टी नसते. पहाटे बिबट्या, सकाळी दूधवाल्याची मोटरसायकल, दुपारी शेळ्या: जो त्या वाटेने जाईल तो सारख्याच मानाने टिपला जातो. कोणाला वगळायचे, हे त्याला ठाऊक नसते.

वगळू नका असे मला प्रत्यक्ष सांगणारी व्यक्ती मात्र वेगळीच भेटली. कालव्याच्या कडेने एका सकाळी चाललो होतो. वस्तीवरच्या एका बाईंनी हाक मारली, "ओ दादा, त्या मशिनीत फोटू निघतो ना? इकडं या." गोठ्याच्या मागे त्यांची शेळी मरून पडली होती. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा होत्या आणि मागचा भाग खाल्लेला होता. त्यांचा मुलगा मोबाइल घेऊन पहाटेच कामावर गेला होता, वनरक्षकाला यायला दुपार होणार होती, आणि मेलेले जनावर जागचे हलवायचे नाही हे त्यांना माहीत होते. तोवर कुत्र्यांनी ओढून नेले तर पंचनामा कशाचा करणार, ही त्यांची काळजी होती. मी सवयीने वाकलो आणि जखमेवर नेम धरला. त्या म्हणाल्या, "तसं नको, दादा. मागचा गोठा दिसू दे. दावं दिसू दे. कानातला बिल्ला दिसू दे, म्हंजे कळंल की शेळी आमचीच."

मी बिल्ला दिसेल असा उभा राहिलो, मागे सरकलो, भिंगाचे छिद्र बारीक केले. मग सारेच स्पष्ट झाले: शेळी, खुंट्याचे दावे, पत्र्याचा गोठा, त्याच्या दारातली तुटकी जाळी, पलीकडे उसाची भिंत. "मावशी, तुम्हीपण या ना चौकटीत," मी म्हणालो. त्या पदर सावरून शेळीच्या शेजारी उभ्या राहिल्या; हसल्या नाहीत. ते चित्र मी त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवले.

छायाचित्रणाच्या कोणत्याही पुस्तकातून मला पार्श्वभूमीचा असा अर्थ मिळाला नव्हता. त्या बाईंच्या लेखी पार्श्वभूमी ही शोभा नव्हती, वातावरणनिर्मितीही नव्हती. तो पुरावा होता. गोठा, दावे आणि बिल्ला वगळला तर ती शेळी कुणाचीच नव्हती आणि म्हणून तिची भरपाईही नव्हती. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त (१९५५) माळ, मेंढरे आणि दुष्काळ यांना माणसांच्या मागे टांगलेला पडदा होऊ दिले नाही. ते काढून घेतले तर त्या कादंबरीत माणसेही उरणार नाहीत. माडगूळकर पुढे जनावरांकडे वळले तेव्हाही ही नजर त्यांच्यापाशी होती. आपल्या निसर्गलेखनापाशी हे शहाणपण पूर्वीपासून आहे. आपल्या छायाचित्रांना ते अजून पुरेसे भेटलेले नाही.

अर्थात, पार्श्वभूमी दाखवली की प्रश्न सुटला असेही नाही. मुंबईच्या आरे वसाहतीत आदिवासी पाड्याच्या गल्लीतून जाणारा बिबट्या नयन खानोलकर यांनी टिपला. त्या चित्राला २०१६ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी वन्यजीवनाच्या विभागात पुरस्कार मिळाला. ते चित्र मला फार आवडते, कारण त्यात भिंत आणि दार पुसलेले नाही. परंतु अशा चित्रांखाली 'सहजीवन' हा शब्द फार चटकन लिहिला जातो. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणारा माणूस हा शब्द वापरत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडच्या परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले. त्यांत लहान मुले होती. तिकडून येणाऱ्या बातम्या ऐकत जेवणाऱ्या घरात मी माझी चित्रे कोणाला कौतुकाने दाखवू शकलो नसतो, आणि दाखवली नाहीत.

दुसऱ्या बाजूने, बिबट्याला उचलून दूर जंगलात सोडावे हा उपायही करून झालेला आहे. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात शंभराहून अधिक बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर अंतरावर सोडले गेले. त्या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असे अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले. परक्या मुलखात नेऊन टाकलेले जनावर तेथे गुण्यागोविंदाने राहत नाही. २००९ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. त्याला 'आजोबा' म्हणत. २०१४ मध्ये त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपट आला. तो घरी परतत होता की घर शोधत होता, हे पट्टा सांगू शकत नाही. परदेशातून आलेल्या माणसाने या गोष्टीत स्वतःचे प्रतिबिंब पाहण्याचा मोह आवरावा, हे बरे. मला परतीचे तिकीट असते. २०११ च्या डिसेंबरात आजोबाला महामार्गावर वाहनाने उडवले.

महिनाभरात मला बिबट्याचे एकही छायाचित्र मिळाले नाही. कालव्याच्या ओल्या मातीत त्याची पावले मिळाली, आणि त्यांच्यावरून गेलेला सायकलच्या चाकाचा माग. ती पावले मी माग धरूनच टिपली. रोटाव्हेटरसह गायबगळे आणि तारेसह वेडा राघू टिपला. कुठल्याही चित्राखाली वाडीचे नाव लिहिले नाही, कारण नाव वाचून येणाऱ्या गाड्यांचा त्रास त्या वाडीलाच होईल. स्पर्धांच्या हिशेबात ही सारी चित्रे सदोष आहेत. त्यांतले काहीही विरघळलेले नाही.

दोन महिन्यांनी त्या बाईंच्या मुलाचा निरोप आला: पंचनामा झाला होता, पैसे खात्यावर जमा झाले होते, गोठ्याला नवी जाळी बसली होती. सोबत जाळीचा फोटो होता. त्यात मागचा ऊस तोडून झालेला दिसत होता, आणि उघड्या रानाच्या टोकाला कालव्याचा बांध.