अनपेक्षिताचा तक्ता

न बोलावता येणाऱ्या पाहुण्यांची आगाऊ यादी करायला कुणी तुम्हाला सांगितलंय का? मला सांगितलं. गोष्ट २०१९ सालची. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतले साहेब म्हणाले, "अनपेक्षित काहीही घडलं तरी काम थांबता कामा नये, असं प्रोसेस मॉडेल करा. शुक्रवारपर्यंत!"

लागलो अभ्यासाला. विन्स्टन रॉइस नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७० साली एका निबंधात चित्र काढलं होतं. आधी गरजा, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, मग चाचणी. एकेक पायरी खाली उतरायची. पुढे हेच 'वॉटरफॉल' म्हणून जगाने डोक्यावर घेतलं. गंमत म्हणजे, हे असं सरळसोट करणं धोक्याचं आहे, चूक शेवटी चाचणीत कळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, असं रॉइसनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. पण लग्नपत्रिकेत आपण भोजनाची वेळ तेवढी वाचतो, तसं लोकांनी चित्र तेवढं पाहिलं!

मग 'बस फॅक्टर' सापडला. कामावरची किती माणसं बसखाली आली की काम ठप्प होईल, तो आकडा. आमचा निघाला एक. (मी पुण्याचा, त्यामुळे निर्धास्त होतो. आधी बस यायला तर हवी!) तो एक म्हणजे डेटाबेस सांभाळणारा आमचा साताऱ्याचा पोरगा. त्याच्या नावाचा चौकोन काढला, तांबड्या शाईने रंगवला आणि तक्ता भिंतीवर लावला. साहेबांनी पाठ थोपटली.

पंधरा दिवसांनी तो पोरगा नेमका त्या तक्त्याखाली येऊन उभा राहिला.

"सर, वडिलांना ॲटॅक आलाय. निघू का?"

दोन दिवसांनी ग्राहकाला काम द्यायचं होतं. मी तक्त्याकडे पाहिलं. वीज गेली तर एक बाण होता, सर्व्हर बंद पडला तर दोन होते. वडिलांचा बाण नव्हता. आणि मी, काय सांगू तुम्हाला, म्हणालो, "उद्या सकाळपर्यंत थांबतोस का?"

थांबला बिचारा. रात्रभर जागून काम उरकलं, वर एका शाळकरी वहीत सगळ्या पायऱ्या लिहून वही माझ्या टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'मी नसेन तेव्हा'.

वडील वाचले. परत येताना त्याने कंदी पेढे आणले, मलाही दिला. तो घशाखाली उतरायला जरा वेळ लागला.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन आलं. ऑफिसला कुलूप, तक्ता आत. वहीच्या पानांचे फोटो मात्र आम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर होते. त्यावरच आमचं काम चाललं. पोरगा तेव्हा साताऱ्याला वडिलांपाशी. काही अडलं तर नेटवर्कसाठी गच्चीवर जाऊन बोलायचा, आणि मी आधी वडिलांची चौकशी करायचो.

ऑफिस उघडलं तेव्हा तक्त्यामागे पालीने बिऱ्हाड केलं होतं. तिचीही नोंद तक्त्यात नव्हती. शिपाई म्हणाला, "सर, काढू का हा?"

म्हटलं, "राहू दे. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय."