समासातले तीन शब्द

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला लोक दोन कामांसाठी गाठतात. एक, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायला. दुसरे, पुस्तकाचे हस्तलिखित 'जरा नजरेखालून घालायला'. पहिल्याचे पेढे मिळतात. दुसऱ्याचे अलीकडे मी पानामागे पैसे घेतो, आणि ते सांगताना अजून थोडा लाजतो.

श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन हस्तलिखित पुनर्लेखनासाठी परत करीत, तेव्हा त्यांच्यामागे 'मौज' उभी असे. लेखक रुसला म्हणून संपादकाची चूल विझत नसे. आता लेखक आपल्याच पैशाने पुस्तक काढतो, हव्या तर पन्नासच प्रती छापतो, आणि संपादकाचे पैसेही तोच देतो. यजमानालाच 'तुमचे तिसरे प्रकरण गाळा' कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यातून बहुतेकांना संपादन नकोच असते, हवे असते मुद्रितशोधन. १९६२ च्या नियमांप्रमाणे अनुस्वार उडवले, ऱ्हस्वदीर्घ पाहिले की स्वारी खूष! मीही खूष. त्यात कुणाचे मन दुखत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. पाटणकडचे, सत्तरीला टेकलेले. जन्मभर मालट्रक चालवलेला. पिशवीत शाळेच्या पाच वह्या. कुंभार्ली घाटातले धुके, चिपळूणच्या बाजूने रात्री चढताना येणारा ब्रेकचा वास, ढाब्यावरची उधारी... माणूस लिहीत होता, आणि बरे लिहीत होता. मी पेन्सिल घेऊन बसलो. ते सगळीकडे 'किन्नर' लिहीत. मी मोठ्या विद्वत्तेने त्याचे 'क्लीनर' केले. तिसऱ्या वहीत दोन ओळी होत्या: त्या साली घाटात वाईट झालं. मग मी दुसऱ्या मालकाकडे लागलो. त्यापुढे पुन्हा कांद्याचे भाव! मी समासात तीन शब्द लिहिले, 'येथे विस्तार हवा', आणि पान उलटले. विद्यार्थ्यांच्या निबंधांवर हे शब्द मी वर्षाला शेकड्यांनी लिहितो. समास शिकवणे हाच माझा धंदा, पण या समासात काय लिहावे हे मला कुणी शिकवलेले नाही.

ते आले ते थेट श्रावणात. चार कागद पुढे ठेवले. परिच्छेद नाहीत, विरामचिन्हे नाहीत. चढावर गाडी बंद पडली. चाकाला दगड लावायला किन्नर उतरला. गाडी मागे आली. पोरगा सतरा वर्षांचा, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा. ब्रेक निकामी झाला असे त्यांनी बहिणीला सांगितले होते. कागदावर मात्र लिहिले होते की डोळा लागला होता.

मी चष्मा पुसत राहिलो.

"सर, किन्नरच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "क्लीनर म्हटलं की दुसराच कुनी वाटतो."

मी खोडरबर काढले आणि पाचही वह्यांतला माझा शहाणपणा पुसायला लागलो. ते पाहत बसले. मग त्यांनी विचारले, "आनि ही चार पानं? ठेवायची का?"

"बहीण आहेत?"

"हाय की. वाचता येत न्हाई तिला. पर नातू वाचून दाखवील."

लेखनाच्या दृष्टीने त्या पुस्तकात त्याहून चांगली पाने नव्हती. हे त्यांना सांगणे माझे काम होते, आणि तेच सांगायला माझी जीभ उचलेना. शेवटी एवढेच म्हणालो, "काका, छापायचे नंतर बघू. आधी तुम्हीच त्यांना वाचून दाखवा."

ते बराच वेळ गप्प बसले. मग कागदांची नीट घडी करून त्यांनी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात घातले. वह्या माझ्याकडेच ठेवल्या.

त्याला आता तीन महिने होत आले. 'पैसे किती झाले?' असा त्यांचा एकदा फोन आला. मी म्हटले, काम अजून चालू आहे.