जुन्या पानांसाठी विंडोज ९८

विंडोज ९८ ही मायक्रोसॉफ्टची कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यातील व्यवहार सांभाळणारी मूळ व्यवस्था, जून १९९८ मध्ये बाजारात आली आणि ११ जुलै २००६ रोजी कंपनीने तिची देखभाल थांबवली. तरीही ती जुन्या संगणकावर नव्याने बसवण्याची गरज मराठी प्रकाशनव्यवसायात अधूनमधून पडते, आणि हा केवळ हौशी लोकांचा उद्योग आहे असे मानणाऱ्यांना ती गरज समजावून सांगणे हे प्रत्यक्ष कामापेक्षा कंटाळवाणे असते.

त्या काळातील मराठी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची असंख्य पाने पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये जुळवलेली आहेत. विंडोज ९८मध्ये देवनागरीची अंगभूत सोय नसल्यामुळे सी-डॅकचे ‘आयएसएम’ आणि मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ या पुण्यातच घडलेल्या सॉफ्टवेअरनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले फॉन्ट पुरवले. अशा सॉफ्टवेअरबरोबर अनेकदा डाँगल, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालूच न देणारे छोटे उपकरण, दिले जाई. आजच्या बहुतेक संगणकांना ते पोर्ट नसते, म्हणून जुने यंत्र शोधावे लागते.

सीडी घातली की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते, आणि त्यामुळे मोबदला देताना हात आखडता घेतला जातो. प्रत्यक्षात मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, कपॅसिटर फुगलेले असतात, आणि मूळ हार्ड डिस्कची नक्कल घेऊन ती बाजूला ठेवल्याशिवाय पुढचे पाऊल टाकणे धोक्याचे असते. त्यानंतर दुसऱ्या डिस्कवर ‘एफडिस्क’ने विभाग पाडताना मोठ्या डिस्कसंबंधीच्या प्रश्नाला होकार द्यावा लागतो, कारण नकार दिल्यास एक विभाग २ जीबीपेक्षा मोठा करता येत नाही. मेमरीची गोष्ट तर उलटीच आहे: ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम असल्यास डिस्कवरील मजकूर तात्पुरता साठवणारा ‘व्हीकॅश’ हा भाग रॅमच्या प्रमाणात स्वतःसाठी इतके पत्ते राखून ठेवतो की कार्यप्रणालीला ते कमी पडतात, आणि मेमरी भरपूर असताना पडद्यावर ती अपुरी असल्याचा संदेश येतो. ‘सिस्टम डॉट आयएनआय’ या फाइलीत व्हीकॅशची कमाल मर्यादा लिहून दिली की बहुधा हा घोळ मिटतो.

‘युनिकोडचे कन्व्हर्टर असताना हा खटाटोप कशाला?’ हा आक्षेप मात्र सविस्तर उत्तर मागतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देणारी आजची व्यवस्था, आणि कन्व्हर्टर म्हणजे जुन्या फॉन्टमधील मजकूर तिच्यात आणणारा प्रोग्रॅम. ‘धार्मिक’ हा शब्द जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो, म्हणजे वेलांटी ‘म’च्या आधी आणि रफार ‘म’च्या नंतर, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने रफाराचा ‘र्’ आधी, मग ‘म’ आणि शेवटी वेलांटी येते. चांगला कन्व्हर्टर ही अदलाबदल करतो, पण आकारांच्या जागा प्रत्येक उत्पादकाच्या फॉन्टमध्ये निराळ्या असल्यामुळे चुकीचा तक्ता निवडला गेल्यास जोडाक्षरे विस्कटतात. त्याहून अवघड प्रश्न मराठी वाक्यात आलेल्या इंग्रजी शब्दांचा असतो. दोन्ही लिप्यांचे संकेतांक तेच असल्यामुळे फॉन्टची नोंद गळून गेलेल्या मजकुरात इंग्रजी शब्दाचीही देवनागरी बाराखडी होते, आणि मूळ पान समोर नसेल तर तेथे काय होते हे संपादकालाही सांगता येत नाही. आभासी संगणक, म्हणजे नव्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभा केलेला जुना संगणक, हा पर्याय डाँगल नसेल तेथे उत्तम आहे. डाँगल असेल तेथे त्याची खात्री देता येत नाही.

म्हणून विंडोज ९८ बसवणे हा कामाचा शेवट मानता येत नाही. इंटरनेटपासून दूर ठेवलेल्या त्या संगणकावर प्रत्येक पान उघडून त्याची पीडीएफ करणे, आणि युनिकोडमध्ये आणलेला मजकूर त्या पीडीएफशी ओळीने ओळ ताडून पाहणे, हे मुद्रितशोधकाचे काम त्यानंतर सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच टाळले जाते. ज्या संस्थेची त्यासाठी माणूस बसवण्याची तयारी नाही, तिने जुना संगणक दुरुस्त करून घेण्याचा खर्चही करू नये.