ट्रकमधला संसार

प्रवासाला निघायचं म्हटलं की आपल्याकडे आधी डबे काढले जातात. आमच्या पळसदेवात एक जोडपं महिन्यातले वीस-बावीस दिवस ट्रकमध्येच राहतं, आणि त्या बाईचं सगळं स्वयंपाकघर एका लाकडी पेटीत मावतं. पाच किलोचा सिलिंडर, शेगडी, तवा, पातेलं, दोन ताटं, मिठामसाल्याचा डबा. सीटमागची फळी हा पलंग.

राष्ट्रीय महामार्ग 65 आमच्या गावावरून जातो. पुणे, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत तो थेट मछलीपट्टणमला पोचतो. हे दोघं बहुतेक वेळा विजयवाड्याचा माल नेतात आणि येताना गुंटूरची मिरची भरतात. त्या फेरीत शिंका काही थांबत नाहीत म्हणे.

पहिले दोन दिवस घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्याकडचे खाकरे. (खाकरे पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत, नाहीतर मऊ पडतात. हे तिलाही सांगून ठेवलंय.) मग ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत, चाकाच्या आडोशाला पिठलं-भाकरी. पंपाजवळ शेगडी पेटवायची नाही, हा तिचा नियम. आमच्या घरी चोविहार, म्हणून सूर्यास्ताआधी ताटं होतात. तीही दिवस मावळायच्या आत जेवण उरकते, पण तिचं कारण वेगळं: पोट जड झालं की स्टिअरिंगवर डोळा लागतो. रात्री दोनपर्यंत ती जागी राहून नवऱ्याशी बोलत बसते. हे कामच आहे, पण कुठल्या हिशोबात धरलं जात नाही.

पंपावर स्वच्छतागृह असावं असा नियम आहे. पण किल्ली कुणाकडे तरी असते, नाहीतर कडी तुटलेली असते. म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. दोनदा लघवीचा संसर्ग झाला. माझा सगळ्यात जास्त जीव इथे जळतो.

1961 च्या कायद्यात मोटार वाहतूक कामगाराला दिवसाला 8 तासांची मर्यादा होती. यांची गाडी स्वतःची, कर्जावरची. हप्ता तास मोजत नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. यांच्या जुन्या गाडीत मे महिन्यात खिडकीला ओला टॉवेल असतो.

मी तिला योगिता रघुवंशींबद्दल सांगितलं. मूळच्या नंदुरबारच्या, कायद्याचं शिक्षण झालेलं, नवरा गेल्यावर ट्रक चालवायला लागल्या. ती म्हणाली, "भाभी, त्यांच्याकडे लायसन आहे. मला गाडी येते, पण कागदावर मी कुणीच नाही."

तिच्या सासूबाईंचं जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथलं पळसनाथाचं देऊळ दिसतं. "आम्ही एकदाच घर उचललं, ही दर फेरीला उचलते," असं त्या म्हणतात. नात त्यांच्याजवळ असते. ती जूनमध्ये दहावीला जाईल. आई हवी, असं तिने स्पष्ट सांगितलंय.

म्हणून जूनपासून ही ट्रकमधून उतरणार. तिच्या जागी नवऱ्याचा चुलतभाऊ जाईल, पगारावर. स्वयंपाक, पेटी धुणं, रात्री जागं ठेवणं, सगळं धरून त्याला महिन्याला किती द्यायचे, यावरून काल आमच्या दुकानासमोर दोघांची चांगलीच जुंपली होती.