किल्ल्यांचा जुडगा

अण्णाच्या पत्रांत भूत कधी नसेच, पूत असे. मराठी आमच्या घरात बोलायची भाषा होती. लिहायला हात वळायचा तो तमिळ अक्षरांवर, आणि तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर. त्यामुळे मद्रासहून येणाऱ्या त्याच्या निळ्या आंतरदेशीय पत्रांत भीतीची पीती होई, भयंकरचं पयंकर होई, आणि रविवारी पाहिलेल्या पिक्चरमधलं भूत पूत होऊन कुंभकोणमला येई. वाचताना मी मनातल्या मनात भ लावून घ्यायची. आता ती पत्रं काढते तेव्हा लावत नाही.

व्यंकोजीराजांच्या मागून कावेरीकाठी आलेल्या आणि तंजावरचं राज्य 1855 मध्ये खालसा झाल्यावरही तिथंच राहिलेल्या देशस्थांपैकी आमचं घर. शेजारी आम्हाला रायर म्हणत. शारंगपाणीच्या देवळामागच्या गल्लीत घराला लांब तिण्णै होती, म्हणजे रस्त्याकडेचा ओटा. संध्याकाळी वीज गेली की तिथं भुतांच्या गोष्टी चालत. आजी मुंजा आणि हडळ सांगे. समोरच्या मामी मोहिनी सांगत, आणि भातशेतात रात्री तोंडातून जाळ सोडत फिरणारं कोळ्ळिवाय पिशासु सांगत. दोन मुलखांची भुतं आमच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसलेली असत आणि आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटत नसे.

अण्णा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तेरा वर्षांचा असताना एका सकाळी तो शाळेला निघाला आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकताच पडला. डोळे वर गेले, दात आवळले, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागले. गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं वलिप्पु, कुणी म्हणालं पिंपळाखालचं काहीतरी लागलं. समोरच्या मामी धावत आल्या, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्याच्या मुठीत कोंबला. लोखंड हातात दिलं की फेफरं उतरतं, असं आमच्याकडे अजूनही मानतात. थोड्या वेळात झटके थांबले. ते थांबणारच होते. असा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपणहून ओसरतो, लोखंडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही सारावं, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठावा, एवढंच करायचं असतं. हे मला खूप उशिरा कळलं. त्या दिवशी आईला एवढंच दिसलं की किल्ल्या दिल्या आणि मुलगा परत आला.

तेव्हापासून अण्णा जिथं जाईल तिथं मी, आणि माझ्या ओच्यात किल्ल्या. कोठीघराची, जुन्या पेटीची, परसदाराची, सगळ्या लोखंडी. चालताना त्या मांडीवर आपटत. आठ-नऊ वर्षांची मुलगी सोबत असली तर मुलगा भलतीकडे जाणार नाही, असाही आईचा हिशोब असावा. अण्णा भलतीकडेच जाई. त्याला भयपटांचा नाद लागला होता.

‘सिगप्पु रोजाक्कळ’ 1978चा. भारतीराजांचा, कमल हासन आणि श्रीदेवीचा. देखणा, श्रीमंत, हसरा तरुण बायकांना घरी आणून मारतो, आणि बागेतल्या लाल गुलाबांखाली प्रेतं पुरलेली असतात. गावात तो आला तेव्हा तिण्णैवरच्या मित्रांत महिनाभर दुसरा विषय नव्हता. अण्णाने मला नेलं. मी मात्र तो पिक्चर पाहिला असं म्हणता येणार नाही. मला काम दिलेलं होतं. अण्णाचा उजवा हात, मान, डोळे यांवर लक्ष ठेवायचं. बोटं आखडू लागली की किल्ल्या द्यायच्या. पडद्यावर किंकाळी फुटे आणि मी त्याच्याकडे बघे. पडद्याचा उजेड त्याच्या गालावर लाल होई, निळा होई, एकदम विझे. इळैयराजांचं संगीत कानांनी ऐकलं आणि कथा अण्णाच्या चेहऱ्यावर वाचली. पुढे ‘मूडुपनी’, ‘नूरावदु नाळ’, सगळे मी असेच पाहिले.

‘मूडुपनी’ 1980च्या दिवाळीत आला. बालू महेंद्रंचा. त्यातल्या नायिकेने, शोभाने, त्याच वर्षीच्या 1 मे रोजी जीव दिला होता. सतरा वर्षांची होती. पडद्यावर तिला पळवणारा खुनी होता, चाकू होता, धुकं होतं, आणि थिएटरात कुणालाच त्या खुन्याची भीती वाटत नव्हती, कारण ती मुलगी आधीच गेलेली होती. बायका तिच्या हसण्याला रडत होत्या. परतताना अण्णा देवळाच्या तळ्याशी थांबला आणि म्हणाला, “बघ, आपण तिला आत्ता बघितलं ना? आत्ता. समोर.” पुढे काही बोलला नाही.

तिण्णैवर पैजा लागत. सगळ्यांत भयंकर कोणता? एकाला ‘नूरावदु नाळ’मधला टक्कल केलेला, गोल चष्म्याचा सत्यराज, एकाला ‘अदे कण्गळ’. कुणाच्या सिंगापूरच्या मामाकडे हिचकॉकचा ‘सायको’ पाहिलेला, त्याचा मान मोठा. न्हाणीघरात वाहणारं ते रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता, हे अण्णाला कुठूनसं कळलं होतं आणि ते सांगताना त्याचा आवाज हळवा होई, जणू कुणाचं गुपित राखायला मिळालं होतं. चाकू किती वेळा आला, प्रेतं किती पडली, हे बाकीचे मोजत. अण्णा विचारी, “पण तो असा झाला कसा?” ‘मूडुपनी’तल्या खुन्याने लहानपणी आईचा छळ पाहिलेला असतो. अण्णाला तेवढाच भाग पुन्हा पुन्हा सांगायचा असे. मित्र कंटाळत.

माणसाचा लांडगा होतो ही गोष्ट त्याच्या हाती लागली ती 1941च्या ‘द वुल्फ मॅन’मधून. तो पिक्चर त्याने तेव्हा पाहिलेला नव्हता, कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. लांडग्याला अखेर मारतो त्याचा बापच, चांदीच्या मुठीच्या काठीने. हे ऐकून मी विचारलं, “लोखंडाने नाही का चालत?” अण्णाने माझ्या ओच्याकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “त्यांच्याकडे चांदी लागते. मारायला.”

तेव्हा तो एप्टॉइनच्या गोळ्या घेत होता. या औषधाने फेफरं आवरतं, पण कित्येकांच्या हिरड्या सुजून दातांवर चढतात, अंगावर दाट केस येतात, चेहरा राठ होतो. अण्णाच्या मनगटापासून कोपरापर्यंत काळी लव उभी राहिली, भुवया जुळू लागल्या. हसताना तो ओठ मिटून घेऊ लागला. आई त्याच्या हातांना हळद चोळी. अमावास्या-पौर्णिमेला त्रास वाढतो अशी तिची खात्री होती, म्हणून त्या दोन दिवशी त्याला घराबाहेर सोडत नसे. पौर्णिमेला कोंडलेला, अंगभर केसांचा, आणि जागा झाल्यावर मधल्या वेळात आपण काय केलं हे न आठवणारा मुलगा. शुद्धीवर आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “मी कुणाला मारलं का गं?” मी म्हणायची नाही. दर वेळी तो पुन्हा विचारी. या सगळ्याचा आणि त्याच्या आवडत्या पिक्चरांचा मेळ मी तेव्हा घातला नाही. मी लहान होते, हे खरं. पण सतत त्याच्याकडेच बघत होते, हेही खरं.

रात्रीचा खेळ त्याला वर्ज्य होता. जागरणाने झटका येतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं आणि ते अगदी बरोबर होतं. म्हणून आमचे सगळे भयपट दुपारच्या उन्हातून जाऊन दुपारच्या उन्हात परत येण्याचे. एकदाच आम्ही जागलो, आणि तेही आईच्या परवानगीने, कारण ते देवाचं काम होतं.

तंजावरजवळ मेलट्टूर नावाचं गाव आहे. तिथं दर वर्षी नृसिंहजयंतीच्या सुमाराला, वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर, भागवत मेळ्यात ‘प्रह्लाद चरित्रम्’ होतं. वेंकटराम शास्त्रींचं तेलुगू नाटक, तमिळ गाव, आणि ते लिहिलं गेलं तेव्हा राज्य मराठ्यांचं. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करतात. नरसिंहाचा मुखवटा एरवी पूजेत असतो. तो चढवणारा माणूस उपास करतो. वैशाख शुद्ध चतुर्दशी, म्हणजे पौर्णिमेच्या आदली रात्र. आकाशात चंद्र जवळजवळ भरलेला. पहाटेकडे खांब फुटतो, आणि मुखवटा चढलेला माणूस असा काही उसळतो की चार-पाच जणांना त्याला कमरेला, दंडांना धरून मागे ओढावं लागतं. अर्धा माणूस, अर्धं जनावर, ना दिवसा, ना रात्री, ना आत, ना बाहेर. मी तेव्हा पंधरा वर्षांची असेन. त्या रात्री प्रथमच अण्णाला विसरून मी समोर बघत राहिले.

किल्ल्यांचा आवाज मला ऐकू आला तो त्या ओच्यातून जमिनीवर पडल्या तेव्हा. अण्णा माझ्या पायाशी होता. भोवतीची माणसं मागे सरली, जागा झाली. आमच्या गल्लीत सरत तशी नव्हे. कुणीतरी हात जोडले. मग सगळ्यांनीच. देव अंगात आला, असं एक म्हातारी म्हणाली आणि तिने वाकून धुळीत तडफडणाऱ्या माझ्या भावाच्या पायांना हात लावला. तिकडे नरसिंहाला माणसांनी धरून ठेवलं होतं, इकडे अण्णाला कुणी धरलं नव्हतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याने डोळे उघडले तेव्हा नेहमीचा प्रश्न विचारला नाही. हात जोडून उभ्या असलेल्या माणसांकडे तो बराच वेळ बघत राहिला.

आम्ही माध्व. कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनमला शरभेश्वर आहे, नरसिंहाचा क्रोध आवरणारा शिव. आमच्या वडीलधाऱ्यांना ती कथा मान्य नाही, तिकडे कुणी जात नसे. अण्णा मेलट्टूरनंतर एकटा जाऊन आला. तिथला मूळ देव कंपहरेश्वर, थरकाप हरण करणारा. मी विचारलं तर म्हणाला, “मला तेवढंच बघायचं होतं की शेवटी त्याला कुणी शांत केलं.” आपल्याकडच्या कथेत प्रल्हाद करतो, मी म्हटलं. “हो,” तो म्हणाला, “पोर जवळ गेलं. बाकी सगळे देव लांब उभे होते.”

पुढे तो नोकरीला मद्रासला गेला. किल्ल्या मी देऊ केल्या, त्याने घेतल्या नाहीत. तिथं व्हिडिओ आला होता. सहकारी वर्गणी काढून रात्रीपुरता व्हीसीआर आणत. हा मात्र कॅसेट रविवारी सकाळी बघे, गोळ्या वेळेवर घेई. एका सुटीत घरी आला तो एकच पिक्चर डोक्यात घेऊन: ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’, 1981चा, जॉन लँडिसचा. तिण्णैवर आता श्रोती मी एकटीच होते. तो म्हणाला, जुन्या पिक्चरांत माणूस लांडगा होताना एकावर एक चित्रं विरत जातात, वेदना दिसतच नाही. यात मात्र लख्ख उजेडात, घराच्या बैठकीत, हाडं ताणतात, पाठ मोडते, हाताचा पंजा लांबतो आणि माणूस ओरडतो. ते करणाऱ्या रिक बेकरला रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, तो पुरस्कार त्या साली नव्यानेच सुरू झाला होता. “तेव्हा असंच होतं,” अण्णा म्हणाला. “बाहेरून नाही दिसत. पण असंच.” मग सकाळी तो माणूस प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या पिंजऱ्यात जागा होतो. अंगावर काही नाही, काही आठवत नाही. ते सांगताना अण्णा हसला, ओठ न मिटता. आणि शेवट? शेवटी गल्लीत लांडगा कोंडला जातो. त्याच्यावर प्रेम करणारी परिचारिका गर्दीतून पुढे येते, त्याच्याशी बोलते. तो तिला ओळखतो. “मग?” मग सकाळ होते, अण्णा म्हणाला.

1991च्या पावसाळ्यात, मद्रासच्या भाड्याच्या खोलीत, तो झोपेतून उठला नाही. फेफऱ्याच्या माणसांना कधी कधी असा झोपेत मृत्यू येतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सत्तावीस वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षी महेश भट यांचा ‘जुनून’ आला, पौर्णिमेला वाघ होणाऱ्या माणसाचा, राहुल रॉयचा. लग्न होऊन मी पुण्याला आले होते. पोस्टर दिसल्याबरोबर मी आंतरदेशीय पत्र घेतलं आणि पत्ता लिहायला घेतला. तमिळमध्ये.

देवनागरी लिहायला मी पुण्यात शिकले. भ गिरवायला शिकले. लंडनचा तो लांडगा मात्र कित्येक वर्षं पाहिला नाही. गेल्या वैशाखात पाहिला, दिवसा, एकटीने, कुणाकडे लक्ष न ठेवता. उजेडातली ती बैठक अण्णाने सांगितल्यासारखीच होती, हाड न हाड. पिंजराही तसाच. शेवटी गल्लीत ती मुलगी पुढे झाली, त्याच्याशी बोलली, आणि लांडग्याच्या डोळ्यांत क्षणभर काही थांबल्यासारखं वाटलं. मग तो झेपावला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चांदीच्या नव्हे, साध्याच. भिंतीशी एक उघडा तरुण मरून पडला होता.

अण्णाने सांगितलेल्या पिक्चरमध्ये पोलीस नव्हतेच.