तीनची गाडी

कुंभारवाड्यात लग्नाची जागा ठरवायची तर आधी अंधार कधी पडतो ते बघावं लागतं. भटजींनी पुतणीसाठी दोन मुहूर्त काढून दिले, एक सकाळी अकराचा, दुसरा गोरज. वहिनींना गोरज आवडला. फोटो चांगले येतात म्हणाल्या. आबांनी पानाचा देठ खुडला आणि म्हणाले, "गायी गोठ्यात येतात त्याच वेळेला गवे रस्त्यावर येतात. वऱ्हाड परतणार कसं?" गोरज तिथंच मिटला. आमच्या भोवतीचं रान कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाचं आहे, आणि तिथल्या रहिवाशांना लग्नपत्रिका पाठवता येत नाही.

त्यात यंदा, २०२६ साली, ज्येष्ठ अधिक. १७ मेपासून १५ जूनपर्यंत मुहूर्त नाहीत, आणि त्यापुढे आमचा पाऊस. सगळ्या तालुक्याची लग्नं त्याआधीच्या उन्हाळ्यातल्या थोड्या तारखांवर येऊन पडलेली. म्हणून घाईनं दांडेलीकडचं एक कल्याण मंटप बघायला गेलो. पांढराशुभ्र हॉल, चारशे खुर्च्या, स्टेजवर थर्माकोलचे मोर. मला हॉल बघताना नळ सोडून बघायची खोड आहे. जेवणघरामागे हात धुवायला पाच नळ होते, त्यातल्या एकालाच पाणी आलं, तेही आधी थुंकल्यासारखं. "लग्नादिवशी टँकर मागवतो," मॅनेजर म्हणाला. टँकरचे पैसे वेगळे, जनरेटरच्या डिझेलचे वेगळे, सफाईचे वेगळे. भाडं नेमकं कशाचं, हे विचारायचं मी टाळलं. डायरीत आमच्या तारखेसमोर पेन्सिलीनं कुणाचं तरी नाव होतं. ते खोडायला त्याला ॲडव्हान्स हवा होता. खोडलेल्या नावाचंही कुठंतरी लग्न असणारच.

परत येताना सुप्याच्या धरणाचं पाणी दिसलं. माझ्या आईची आई सुप्याची. तिचं लग्न ज्या अंगणात झालं, ते अंगण या पाण्याखाली आहे. १०१ मीटर उंचीचं धरण १९८७ साली पुरं झालं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली आणि पुष्कळ घरं रामनगरला गेली. आजीही गेली. मिळालेल्या प्लॉटवर पोचल्यावर तिनं विहीर विचारली नाही, शेजार विचारला नाही. पदर खोचून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं टाकत गेली, मग आडवी चालली. आईला वाटलं, म्हातारी भांबावली. ती मांडव बसतो का ते मोजत होती. बसत होता, पण बैलगाडी वळायला जागा उरत नव्हती. ते तिनं शेवटपर्यंत ऐकवलं.

घरी आल्यावर मीही आमचं अंगण पावलांनी मोजलं. आबा ओट्यावरून बघत होते, बोलले काही नाहीत. रात्री यादी काढली तेव्हा दांडेलीला सहज पोचतील अशी माणसं निम्मी निघाली. उरलेली निम्मी रानातल्या वाड्यांवरची. अणशीकडची आत्या ऐंशीची. ती आधी पायवाट उतरणार, मग डांबरी रस्त्यावर गाडीची वाट बघणार, आणि कुंभारवाड्यापर्यंत आली तरी आम्ही धन्य. तिला पुढं दांडेलीच्या थंडगार हॉलात नेऊन बसवायचं, आणि मग रात्री पोचवायला कोण जाणार? वहिनींनी स्वतःच कल्याण मंटपाचं कार्ड फाडलं. फोटोंचं काय, असं पुतणीनं विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळचं ऊनही चांगलं असतं गे."

मांडव अंगणातच. मेढी पुरायला शेजारचे येतील, वर पत्रे आणि ताडपत्री, कारण मेमधल्या वळवाचा भरवसा नाही. पंगती देवळाच्या सभामंडपात. भांडी गावची. शामियानावाल्याला खुर्च्यांपुरता ॲडव्हान्स दिला, त्याची पावती कन्नडमध्ये आली, आणि पत्रिका मराठीत छापायला टाकल्या. मुहूर्ताच्या खाली आबांनी एक ओळ घालायला लावली आहे. छापखानेवाल्यानं दोनदा फोन करून ती खरंच छापायची का म्हणून विचारलं. ओळ अशी: तीनच्या गाडीने परतणाऱ्यांची पंगत पहिली बसेल.